भाषणाच्या मशीनमधली गिटार

गिटारच्या जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट ठेवलं की ९८ हर्ट्झचा जी वाजतो. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, पण रेक्टिफायरमधून बाहेर पडताना तिच्यातली लहर १०० हर्ट्झची होते. म्हणजे जुन्या ॲम्प्लिफायरची घरघर आणि हा जी यांच्यात फक्त दोनाचा फरक. दोन्ही एकदम वाजले की आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि बसतो. आजोबांचं मशीन नेरुळच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मला आधी हेच ऐकू आलं. फिल्टरचे कंडेन्सर सुकलेत, एवढं निदान त्या फुगण्या-बसण्यावरून झालं.

'मशीन' हा शब्द आजोबांचा. पनवेलला त्यांचा लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. लग्न, सत्यनारायण, कबड्डीचे सामने, निवडणुकीच्या सभा, गणपतीतले ऑर्केस्ट्रा. कर्णे, युनिटं, बांबूला बांधायची सुतळी आणि हे पत्र्याचं हिरवट खोकं. नावाची पट्टी कधीच पडून गेलेली, त्यामुळे ते कुणी बनवलं हे सांगता येत नाही. आत दोन ईएल८४, एक ईसीसी८३, आणि काचेवर बीईएलचा शिक्का. भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळुरूत रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली ती साठच्या दशकाच्या सुरुवातीला. सिडकोची स्थापना १९७० ची. मशीन बहुधा माझ्या शहरापेक्षा वयाने मोठं असावं.

मला ते गिटारसाठी हवं होतं. व्हॉल्व्हच्या ॲम्पचं वेड मला कॉलेजात लागलं. नवा घ्यायचा तर लॅपटॉपएवढे पैसे, आणि इथे माळ्यावर एक फुकट पडलेला. पण मोठे काका म्हणाले, "अरे, ते माईकचं मशीन आहे. त्यात गिटार कशी वाजेल?"

काकांचा प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आला तो बोलण्यासाठी.

टिळकांच्या सभा उघड्या गळ्याच्या होत्या. कीर्तनकार, शाहीर, संगीत नाटकातले नट, सगळ्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा असे. आपल्या जुन्या गाण्यातली उंच पट्टी निदान काही अंशी त्या अंतरामुळे आली असावी, असं मला वाटतं. माणूस बोलतो तिथपासून हजारो कानांपर्यंतचं हे अंतर विजेने कापण्याचं काम मुंबईत ज्यांनी केलं, त्यांत सगळ्यात ठळक नाव नानिक मोटवाने यांचं. त्यांच्या कंपनीचं नाव शिकागो रेडिओ. गांधी, नेहरू, सुभाषबाबू यांचे सभांमधले फोटो नीट पाहा, बऱ्याच ठिकाणी माईकवर हेच नाव दिसेल. १९३१ च्या कराची काँग्रेसपासून मोटवाने काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपणाची यंत्रणा पुरवत होते. ८ ऑगस्ट १९४२ ला गोवालिया टँकवर 'करेंगे या मरेंगे' लोकांनी ऐकलं तेही त्यांच्याच कर्ण्यांतून. पुढच्या काही दिवसांत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. त्या खटल्यात मोटवानेही आरोपी होते. ते निर्दोष सुटले, उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. लाऊडस्पीकरवाला माणूस राजद्रोहाच्या कटात ओढला जाऊ शकतो इतकं वजन त्या काळात या खोक्याला होतं.

बोलण्यासाठी बनवलेल्या यंत्राचा कान वेगळा असतो. माणसाचे शब्द कळायला ३०० ते ३४०० हर्ट्झ पुरतात, टेलिफोन इतक्यावरच चालायचा. खालचा जाड आवाज मैदानात नुसता घुमतो आणि कर्ण्याच्या युनिटचा पातळ पडदाही फाडतो. म्हणून बनवणाऱ्याने तो वाटेतच अडवायचा. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची. भाषणाच्या मशीनला तिचा मूळ स्वर जवळजवळ ऐकूच येत नाही.

तिकडे अमेरिकेत गिटारला स्वतःचं यंत्र मिळालं. गंमत म्हणजे बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, १९३२ च्या सुमाराची रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन', मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. हीच जात हिंदी सिनेमात व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी घरोघरी पोचवली. पुढे फेंडरचा बेसमन आला, आणि लंडनमधल्या जिम मार्शलच्या दुकानाने १९६२ च्या सुमारास त्याचंच सर्किट जवळपास जसंच्या तसं उचलून आपला पहिला ॲम्प केला. त्या वेळी इथे परवाना राज होतं. परदेशी ॲम्प मिळायचा तो जहाजावरच्या कुणाकडून, नाहीतर देश सोडून जाणाऱ्या कुणाकडून. सिम्ला बीट स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या रेकॉर्डी ऐका. पोरं जीव तोडून वाजवतायत आणि हाती आलेल्या सामानातून आवाज काढतायत. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, तेव्हा कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये तेही इथल्याच मुलांच्या उसन्या वाद्यांवर वाजवून गेले.

ही झाली मुंबईची इंग्रजी बाजू. पनवेल, पेण, अलिबागच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला काय करायचा? त्याची पिन थेट मंडपवाल्याच्या मशीनमध्ये जायची. मला हे आधी नुसतं ऐकून माहीत होतं. पुरावा हातात आला, आणि मी तो जवळजवळ कचऱ्यात टाकला.

झालं असं. लॅमिंग्टन रोडवर उमेदवारी केलेले एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक आमच्या सोसायटीत राहतात. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, असलं मशीन थेट सॉकेटला लावायचं नाही, सिरीज बोर्डावर १०० वॅटच्या बल्बमधून सुरू करायचं. बल्ब भगभगला तर आत शॉर्ट आहे. दुसरी, बंद केल्यावरही आत तीनशे व्होल्ट बसलेले असतात, ते रेझिस्टरने उतरवल्याशिवाय हात घालायचा नाही. "बाळा, तुझ्या कोडमध्ये चूक झाली तर एरर येतो. इथे चूक झाली तर तू येत नाहीस."

बल्ब मंदच राहिला. मी हुशारलो. एका रविवारी फिल्टरचे कंडेन्सर बदलले, घरघर गेली. मग हौस वाढली. जुने कागदी कपलिंग कंडेन्सर गळतात, मागच्या टप्प्यातलं डीसी पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर सोडतात आणि ईएल८४ ची ॲनोड लाल होते, हे वाचलं होतं. तेव्हा तेही सगळे काढले. किमती कुठल्या घालायच्या? फेंडर-मार्शलच्या आकृत्यांत असते ती, ०.०२ मायक्रोफॅरड. दोन्ही माईक चॅनलना तीच. जुने तुकडे पिशवीत भरून सोसायटीच्या ई-कचऱ्याच्या पेटीत टाकले.

महिन्याभराने फोनमधले काम सुरू करण्याआधीचे फोटो चाळताना दिसलं, की दोन चॅनलचे कंडेन्सर मुळात सारखे नव्हतेच. पहिल्यावर ०.००१ लिहिलेलं. समोर ४७० किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे साधारण ३४० हर्ट्झच्या खाली आवाज उतरत जाणार. अगदी भाषणाचा चॅनल. दुसऱ्यावर ०.०२, म्हणजे कापणी सतरा हर्ट्झच्या आसपास, गिटारची पूर्ण तार आत येणार. त्याचा डागही वेगळा होता, जास्त चकचकीत, आणि तारेवर पिवळी कापडी नळी. बाकीच्या मशीनमध्ये नळ्या सगळ्या काळ्या. शिवाय मागच्या पत्र्यावर दुसऱ्या सॉकेटशेजारी खिळ्याने कोरलेलं 'गि'. ते मी गंज समजून पॉलिश पेपरने अर्धं घासून टाकलं होतं.

म्हणजे कुणीतरी, आजोबांनी किंवा त्यांच्या मेकॅनिकने, गिटारवाल्याचं ऐकून त्याच्यासाठी एक भोक वेगळं करून दिलं होतं. मार्शलने दुकानात केलं तेच, पनवेलमध्ये, एका कंडेन्सरपुरतं. फरक एवढाच की मार्शलवर पुस्तकं आहेत. मी मात्र परदेशी आकृतीवर विश्वास ठेवून दोन्ही चॅनल सारखे करून टाकले. गिटारचा चॅनल योगायोगाने वाचला. भाषणाचा गेला. पेटी तोवर रिकामी झाली होती. त्या तुकड्यांवर बनावटीची तारीख छापलेली असती तर हा बदल कधीचा ते कळलं असतं. आता नाही कळणार.

काका फोटो बघून म्हणाले, "असेल. गणपतीत तो एक वसईचा पोरगा यायचा, लाल गिटार घेऊन. बाबा त्याला खूप सांभाळायचे." नाव त्यांनाही आठवत नाही.

यानंतर स्पीकरच्या बाबतीत मी घाई केली नाही. या मशीनच्या मागे ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट अशी टर्मिनलं आहेत. कर्णे १०० व्होल्टवर चालायचे. लांब वायरीत ताकद वाया जाऊ नये म्हणून व्होल्टेज चढवायचं आणि प्रत्येक कर्ण्यापाशी छोट्या ट्रान्सफॉर्मरने उतरवायचं, एसटीच्या थांब्यापासून शाळेच्या मैदानापर्यंत. गिटारचा स्पीकर थेट ओहमच्या टर्मिनलला लागतो. दोन ईएल८४ ना समोर सुमारे ८००० ओहमचा भार लागतो, स्पीकर ८ ओहमचा. हजार पटींचा फरक, तर ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचं प्रमाण त्याच्या वर्गमुळाइतकं, साधारण ३२ ला १. आठच्या जागी चारचा स्पीकर लावला तर व्हॉल्व्हला भार निम्माच दिसतो. आणि काहीच न लावता जोरात वाजवलं तर व्होल्टेज उसळून ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. व्हॉल्व्हच्या मशीनला स्पीकरविना कधी ठेवायचं नाही, हा आजोबांचा नियम काकांना पाठ होता, कारण माहीत नव्हतं.

लॅमिंग्टन रोडवर बारा इंची जुने दोन स्पीकर मिळाले, मागे काही लिहिलेलं नाही. मल्टिमीटरने दोन्हींवर १२-१३ ओहम दाखवले. मीटर फक्त तारेचा रोध मोजतो, तो छापील आकड्यापेक्षा कमीच येतो. म्हणजे हे सोळाचे. दोन समांतर जोडले की आठ. मग पेन्सिल सेल टेकवून बघितलं: एकाचा कागद बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. कुणीतरी दुरुस्तीत उलटी तार लावली होती. तसेच जोडले असते तर दोघांनी एकमेकांचा जाड आवाज खाल्ला असता. सरळ केले. तरी एक दुसऱ्यापेक्षा मोठा वाजतो. तीन डेसिबलचा फरक म्हणजे मशीनची ताकद दुप्पट करण्यासारखं, त्यामुळे मोठा छोट्याला झाकतो. मेकॅनिक काका म्हणाले जोडी जमेपर्यंत शोध. मी शोधतोय.

कर्णा मात्र एक ठेवलाय. पहिल्या चॅनलला पुन्हा ०.००१ लावला, नवा, पण त्याच किमतीचा, आणि वर पिवळी नळी न घालता काळी घातली. दुसऱ्याला हात लावला नाही. अर्धवट उरलेल्या 'गि' वर पारदर्शक वार्निशचा एक थर दिलाय.

गेल्या रविवारी काका आले होते. त्यांनी पहिल्या सॉकेटमध्ये माईक लावला, खाकरले, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणाले आणि थांबले. कर्ण्यातून त्यांचा आवाज अगदी आजोबांसारखा येत होता. मग दुसऱ्या सॉकेटकडे बोट दाखवून मला म्हणाले, "लाव आता तुझं."