तेलसंकट, उष्णतारोधन आणि घरदुरुस्ती : अमेरिकेतील अल्प उत्पन्न कुटुंबांच्या इंधनखर्चाचा एक अभ्यास (१९७३ ते २०२२)

प्रस्तावना

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेलउत्पादक राष्ट्रांनी अमेरिकेवर तेलबंदी लादली आणि जानेवारी १९७४ पर्यंत खनिज तेलाचा दर सुमारे चौपट झाला. या घटनेचे परराष्ट्र धोरण, चलनवाढ आणि मोटार उद्योग यांवर झालेले परिणाम अभ्यासकांनी विस्ताराने तपासले आहेत. त्या मानाने सामान्य माणसाच्या घरावर झालेल्या परिणामाकडे कमी लक्ष गेले. अमेरिकेच्या उत्तर भागात वर्षातील अनेक महिने घर तापवावे लागते आणि कुटुंबाच्या ऊर्जाखर्चाचा सर्वांत मोठा वाटा त्यासाठीच जातो. तेल व नैसर्गिक वायू स्वस्त होते तोवर भिंतीतून, छतातून आणि खिडक्यांच्या फटींतून किती ऊब बाहेर जाते याची फिकीर घर बांधणाऱ्याला नव्हती, राहणाऱ्यालाही फारशी नव्हती. १९७३-७४ च्या हिवाळ्यात ती प्रथमच तीव्रतेने जाणवू लागली.

या परिस्थितीतून अल्प उत्पन्न कुटुंबांच्या घरांसाठी जो शासकीय कार्यक्रम उभा राहिला, त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. ‘वेदरायझेशन’ या नावाने तो ओळखला जातो. या शब्दाला मराठीत नेमका पर्याय नाही. पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याची महाराष्ट्रातील जुनी रीत त्याच्या सर्वांत जवळ जाते. मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. शाकारणीत फुटके कौल बदलणे आणि पावसाचा बंदोबस्त करणे ही एकच गोष्ट असते. अमेरिकेच्या कायद्याने दुरुस्ती आणि बंदोबस्त ही दोन वेगळी कामे मानली, एकाला पैसा दिला आणि दुसऱ्याला जवळजवळ नाकारला. कार्यक्रमाच्या पुढील इतिहासातील बऱ्याच अडचणींचे मूळ या विभागणीत सापडते.

ट्विन रिव्हर्स येथील प्रयोग

न्यू जर्सी राज्यातील ट्विन रिव्हर्स ही नियोजनपूर्वक वसवलेली वसाहत. तेलबंदीच्या आधीच, १९७२ मध्ये, प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी तेथील जोडघरांच्या ऊर्जावापराचा अभ्यास हाती घेतला. रॉबर्ट सोकोलो हे या गटातील प्रमुख. ही जागा निवडण्यामागे एक सोय होती. एकाच आराखड्याची, एकाच बांधकामाची आणि एकाच हवामानातील शेकडो घरे तेथे शेजारी शेजारी उभी होती. प्रयोगशाळेत जी समानता मुद्दाम निर्माण करावी लागते, ती येथे आयती मिळाली होती.

तरीही पहिल्याच निरीक्षणाने संशोधक चकित झाले. सारख्या घरांतील वायूचा खप सारखा नव्हता. काही घरांत तो इतरांच्या दुपटीहून अधिक होता. घरातील कुटुंब बदलले की खपही बदलत असे. म्हणजे तफावतीचा मोठा भाग विटा-लाकडात नसून राहणाऱ्यांच्या सवयींत होता. थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवायचा, खिडकी केव्हा उघडायची, न वापरातील खोली तापवायची की नाही, या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी बिलाच्या रकमेत भरून येत होत्या.

दुसरा शोध अधिक अनपेक्षित होता. माळ्यावर अंथरलेल्या काचतंतूंच्या थराची जाडी धरून छतावाटे किती उष्णता जाईल याचे गणित पाठ्यपुस्तकी सूत्राने मांडता येत असे. प्रत्यक्ष मोजणीत आकडा त्याच्या कितीतरी पट निघाला. कारण शोधता शोधता संशोधक माळ्यावर पोहोचले. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीच्या पोकळ ठोकळ्यांतून, धुराड्याच्या कडेने, नळ आणि विजेच्या तारांसाठी ठेवलेल्या भोकांतून तळघरातील उबदार हवा उष्णतारोधक थराला वळसा घालून थेट माळ्यावर चढत होती. उबदार हवा हलकी असते. ती वरच्या फटींतून निसटते आणि तिची जागा घेण्यासाठी खालच्या फटींतून थंड हवा आत ओढली जाते. अशा घरात माळ्यावरचा थर दुप्पट करणे म्हणजे पातेल्याचे झाकण उघडे ठेवून त्याला बाहेरून कापड गुंडाळण्यासारखेच होते. आधी फटी बुजवायला हव्या होत्या, थर नंतर.

साध्या उपायांच्या पहिल्या संचाने तापवणीचा इंधनखर्च साधारण पाव हिश्शाने उतरला. एका घरात फ्रँक सिंडन यांनी खिडक्यांना आतून झडपा, तळघर व माळ्याचे उष्णतारोधन आणि फटी बुजवणे हे सर्व एकत्र केले, तेव्हा ही गरज दोन-तृतीयांशांनी घटली. या सगळ्यात नवे यंत्र एकही नव्हते. सुताराची आणि गवंड्याची कामे होती, फक्त ती कोठे करायची हे मोजून ठरवले होते. दारात पंखा बसवून घरातील हवेचा दाब बदलायचा आणि फटी हुडकायच्या, हे ‘ब्लोअर डोअर’ तंत्र याच सुमारास रूढ होऊ लागले. १९७७ च्या आसपास स्वीडनमध्ये ते खिडकीत बसवण्याच्या पंख्याच्या रूपात वापरात होते आणि १९७९ मध्ये ओके ब्लोमस्टरबर्ग यांच्याबरोबर प्रिन्स्टनला आले. तपासणी आणि किरकोळ दुरुस्ती एकाच भेटीत करणाऱ्या तंत्रज्ञाला ‘हाऊस डॉक्टर’ म्हणू लागले. हे नाव समर्पक आहे. कारण रोग्याला न पाहता औषध लिहून देणे, हाच तोपर्यंतच्या पद्धतीचा दोष होता.

१९७६ चा कायदा आणि त्यातील मर्यादा

प्रिन्स्टनमध्ये मोजणी चालू असताना गरीब वस्त्यांतील काम मात्र थांबून राहिले नव्हते. मेन राज्यातील स्वयंसेवी गटांनी तेलबंदीच्या हिवाळ्यातच वृद्धांच्या आणि गरिबांच्या घरांच्या फटी बुजवण्यास सुरुवात केली होती. सामुदायिक सेवा प्रशासनाने पुढे या कामाला निधी दिला. ऑगस्ट १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी ऊर्जा संवर्धन व उत्पादन कायद्यावर स्वाक्षरी केली आणि वेदरायझेशन साहाय्य कार्यक्रमास कायद्याचा आधार मिळाला. वृद्ध आणि अपंग यांना प्राधान्य होते. घर भाड्याचे असेल तर लाभ भाडेकरूला मिळावा आणि या सुधारणेमुळे भाडे वाढू नये, अशीही तरतूद होती. कायदा करणाऱ्यांना गरिबांच्या घराची मालकी अनेकदा दुसऱ्याकडे असते याचे भान होते, हे यावरून दिसते.

पैशाच्या बाबतीत मात्र हात आखडता होता. एका घरामागे सामग्रीवर सर्वसाधारणपणे ४०० डॉलरपर्यंतच खर्च करता येत असे. मजुरीसाठी १९७३ च्या रोजगार व प्रशिक्षण कायद्याखालील उमेदवारांवर आणि स्वयंसेवकांवर भिस्त होती. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांतील काम तात्पुरत्या स्वरूपाचे झाले. खिडक्यांवर प्लॅस्टिकचे कागद ताणले गेले, दारांच्या कडांना पट्ट्या लागल्या, दिसतील त्या भेगांत लांबी भरली गेली. जेथून खरी ऊब निसटत होती तो माळा आणि तळघर बहुधा बाजूलाच राहिले.

याहून गंभीर मर्यादा दुरुस्तीची होती. बसवलेली सामग्री टिकावी यासाठी लागेल तेवढी आनुषंगिक दुरुस्तीच करता येत असे, तीही ठरावीक रकमेच्या आत. गळके छत बदलणे हे ऊर्जाबचतीचे काम मानले जात नव्हते. आता गळक्या छताखाली काचतंतू किंवा सेल्युलोज घालणे म्हणजे ते भिजवणे होय. भिजलेला थर उष्णता अडवत नाही, उलट लाकूड कुजवतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील घरांत चिनीमातीच्या खुंट्यांवरून उघड्या हवेत नेलेल्या विजेच्या तारा असत. त्या उष्णतारोधकात पुरल्या तर तापून आगीचा धोका संभवतो. म्हणून अशा घरांत काम करणारे पथक पाहणी करून परत फिरे, आणि त्यात त्याची चूक नसे. ज्या घरातून सर्वांत जास्त ऊब जात होती आणि ज्या कुटुंबाला बिल सर्वांत जड होते, तेच घर अशा रीतीने कार्यक्रमासाठी अपात्र ठरे.

कार्टर यांचा काळ आणि घाईचे दुष्परिणाम

१९७६-७७ चा हिवाळा अतिशय कडक गेला. नैसर्गिक वायूच्या टंचाईमुळे अनेक ठिकाणी शाळा आणि कारखाने बंद ठेवावे लागले. २ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवरून भाषण केले आणि घरातील तापमान दिवसा ६५ व रात्री ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १८ व १३ अंश सेल्सिअस ठेवण्याचे आवाहन केले. त्या स्वेटरची चर्चा आजतागायत होते. १८ एप्रिलच्या भाषणातील उद्दिष्ट त्याहून मोलाचे होते, पण ते फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही : १९८५ पर्यंत देशातील ९० टक्के घरांचे उष्णतारोधन करणे. त्याच वर्षी ऊर्जा विभाग स्थापन होऊन वेदरायझेशनचे काम त्याच्याकडे आले. १९७८ च्या ऊर्जा कर कायद्याने उष्णतारोधनावरील पहिल्या २,००० डॉलर खर्चाच्या १५ टक्के, म्हणजे कमाल ३०० डॉलरची कर-सवलत दिली. ज्याला मुळात आयकरच पडत नाही त्याला या सवलतीचा उपयोग नव्हता.

मागणी अचानक वाढली आणि काचतंतूंचा तुटवडा पडला. रद्दी कागदापासून सेल्युलोज बनवणारे लहान उत्पादक पुष्कळ निघाले. त्यातील काहींच्या मालात अग्निरोधक रसायनांचे प्रमाण पुरेसे नसल्याने काँग्रेसला १९७८ मध्ये खास कायदा करून तात्पुरते सुरक्षामानक लागू करावे लागले. भिंतींच्या पोकळीत भरायच्या युरिया-फॉर्माल्डिहाइड फेसाचा अनुभव आणखी वाईट होता. त्यातून सुटणाऱ्या वायूमुळे कॅनडाने डिसेंबर १९८० मध्ये त्याचा वापर थांबवला. अमेरिकेने १९८२ मध्ये घातलेली बंदी पुढच्याच वर्षी न्यायालयात टिकली नाही. उष्णतारोधकाच्या गुणवत्तेचा आकडा वेष्टनावर छापण्याची सक्ती करणारा नियम १९७९ चा आहे. ग्राहकाला आपण काय विकत घेतो हे कळण्याची सोय माल घराघरांत पोहोचल्यानंतर झाली.

रेगन प्रशासनाने कार्यक्रम बंद करण्याचा प्रस्ताव मांडला, पण काँग्रेसने तो जिवंत ठेवला. १९८५ अखेर कर-सवलत संपली आणि १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. याच वर्षी दरनियंत्रणाच्या काळात जादा आकारणी केल्याबद्दल एका बड्या तेल कंपनीकडून वसूल झालेले सुमारे २.१ अब्ज डॉलर राज्यांना वाटण्यात आले आणि त्यातील काही भाग गरिबांच्या घरांच्या उष्णतारोधनावर खर्च झाला. महाग तेलातून जन्मलेल्या कार्यक्रमाला तेलाच्याच दंडाने तारले, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. इंधनाचे बिल भरण्यास थेट मदत करणारी योजना १९८१ पासून स्वतंत्रपणे चालू होती आणि तिचा निधी वेदरायझेशनपेक्षा कितीतरी मोठा असे. बिलाची मदत दर हिवाळ्यात नव्याने द्यावी लागते, तर बुजवलेली फट अनेक वर्षे बुजलेली राहते. तरीही थंडीत गारठणाऱ्या कुटुंबाची निकड आजची असते. त्यामुळे लोकप्रतिनिधींचा कल पहिल्या उपायाकडे राहिला, तर त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही.

मोजमापाचा प्रश्न

कार्यक्रमाने खरोखर किती वाचवले? ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९८९ मध्ये काम झालेल्या घरांचे मूल्यमापन केले. १९९३ च्या अहवालानुसार वायूवर तापणाऱ्या घरांत तापवणीच्या वायूची पहिल्या वर्षाची बचत १८.३ टक्के होती. ट्विन रिव्हर्समधील एकट्या घराच्या दोन-तृतीयांशांशी याची तुलना करणे अन्यायाचे होईल. तेथे संशोधक महिनोन् महिने राबले होते, येथे देशभरातील हजारो घरे होती.

२००९ च्या आर्थिक पुनरुज्जीवन कायद्याने कार्यक्रमाला ५ अब्ज डॉलर दिले आणि घरामागील सरासरी खर्चाची मर्यादा ६,५०० डॉलर केली. या काळात मिशिगन राज्यातील सुमारे ३०,००० पात्र कुटुंबांवर केलेला मेरेडिथ फाउली, मायकेल ग्रीनस्टोन आणि कॅथरिन वुल्फ्रॅम यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अभियांत्रिकी गणिताने वर्तवलेली बचत प्रत्यक्ष बचतीच्या तिपटीहून अधिक होती. घर अधिक तापवले गेल्यामुळे बचत घटली असावी, ही नेहमीची शंकाही टिकली नाही. तसा ठोस पुरावा आढळला नाही. आणखी एक निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. सेवा विनामूल्य होती, घरोघरी जाऊन आग्रह केला गेला, तरी आग्रह झालेल्या कुटुंबांपैकी सुमारे ६ टक्क्यांनीच लाभ घेतला.

या अभ्यासावरून कार्यक्रम निरुपयोगी ठरवण्याची घाई काहींनी केली. तथापि सूत्र आणि घर यांतील अंतर ट्विन रिव्हर्सच्या माळ्यावर चाळीस वर्षांपूर्वीच दिसले होते. शिवाय वाचलेल्या इंधनाचा हिशोब मांडताना बदललेली धोकादायक भट्टी किंवा कार्बन मोनॉक्साइडचा टळलेला धोका या गोष्टी इंधनाच्या रकान्यात बसत नाहीत.

दुरुस्तीचा उशिरा आलेला विचार

नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने वेदरायझेशनसाठी ३.५ अब्ज डॉलर मंजूर केले. परंतु गळके छत, बुरशी, खचलेला पाया, जुन्या तारा किंवा ॲस्बेस्टॉसमिश्रित व्हर्मिक्युलाइट असलेली घरे ‘स्थगित’ यादीत पडून राहण्याचा प्रश्न त्याने सुटला नाही. २०२२ च्या आर्थिक वर्षाच्या अर्थसंकल्पात काँग्रेसने प्रथमच अशा घरांना कामायोग्य करण्यासाठी वेगळा ‘सज्जता निधी’ ठेवला. त्यातून छत, भिंती, जमीन, पाया, नळ आणि वीजजोडणी यांची दुरुस्ती करता येऊ लागली. सर्व राज्ये मिळून त्या वर्षाची रक्कम होती दीड कोटी डॉलर, म्हणजे आदल्या वर्षीच्या साडेतीन अब्जांच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी.