हेलसिंकी ते टोकियो: नऊ तास की तेरा?

पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधलं कमीत कमी अंतर काढायला हॅवरसाइन नावाचं एक सूत्र आहे. इंजिनिअरिंगला असताना मी ते पहिल्यांदा कोडमध्ये लिहिलं. अक्षांश-रेखांश टाकायचे, किलोमीटर मिळतात. हेलसिंकी आणि टोकियोचा नारिता विमानतळ यांच्यासाठी उत्तर येतं सुमारे ७,८०० किलोमीटर. ताशी नऊशेच्या आसपास वेग धरला तर जेमतेम नऊ तास. पुढे या मार्गाचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की सूत्र एक गोष्ट विचारतच नाही: खालची जमीन कोणाची?

हा जवळचा रस्ता सैबेरियावरून जातो. शीतयुद्धात सोव्हिएत संघाने ते आकाश परदेशी विमानांना जवळजवळ बंदच ठेवलं होतं. म्हणून १९५७ साली स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन-टोकियो सेवा सुरू केली ती उत्तर ध्रुवाकडून, वाटेत अलास्कातल्या अँकरेजला थांबून. एप्रिल १९८३मध्ये फिनएअरने हा थांबाही काढला. डीसी-१० विमानात जादा इंधनाची सोय केली. हेलसिंकीहून निघालेलं विमान आधी ध्रुवाकडे, मग बेरिंग सामुद्रधुनीवरून पॅसिफिकमध्ये उतरत टोकियोला जायचं. फिनलंड सोव्हिएत संघाचा सख्खा शेजारी, पण शेजाऱ्याचं अंगण टाळण्यासाठी तेरा तासांचा वळसा!

अंगणात पाऊल पडलं तर काय होतं, ते त्याच वर्षी दिसलं. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलला निघालेलं कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरलं. लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. ऑटोपायलट ठरलेल्या मार्गाऐवजी होकायंत्राची एकच दिशा धरून चालला होता, असा निष्कर्ष पुढे चौकशीत निघाला. चुकीच्या मोडवर राहिलेली एक सेटिंग! रोज कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाक्य सहज ओलांडून पुढे जाता येत नाही.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर सैबेरियाचं आकाश खुलं झालं आणि प्रवास साडेनऊ तासांवर आला. युरोपातून आशियाला जाण्याचं जवळचं दार म्हणून हेलसिंकीने जम बसवला. मग फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियानेही तेच केलं. मार्चमध्ये फिनएअरचं एअरबस ए-३५० पुन्हा ध्रुवावरून टोकियोला निघालं. वेळ: सुमारे तेरा तास.

एकोणचाळीस वर्षांत इंजिनं बदलली, नकाशे उपग्रहांवरून येऊ लागले, विमानातला संगणक कित्येक पटींनी हुशार झाला. घड्याळ मात्र १९८३वर परत गेलं. माझ्या कोडचं उत्तर आजही ७,८००च येतं. ते चूक नाही. फक्त त्या रस्त्याने जायची परवानगी आहे, असं ते गृहीत धरतं.