दोन जानेवारींची गोष्ट : थंडी ज्येष्ठांना का बाधते?

“आपल्याकडे कुठे एवढी थंडी पडते, डॉक्टर?” स्वेटर घाला म्हटलं की बरेच आजी-आजोबा हेच म्हणतात. तुम्हालाही तसंच वाटत असेल, तर थोडा इतिहास पाहू.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अनेकांचा समज होता की कडाक्याची थंडी आरोग्याला चांगली आणि ऊबदार हिवाळा रोगट. योगायोगाने १७९५ चा जानेवारी भयंकर गारठ्याचा गेला, तर १७९६ चा जानेवारी अगदी ऊबदार. लंडनचे डॉक्टर विल्यम हेबरडन (धाकटे) यांनी दोन्ही वर्षांच्या मृत्यूंच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून मोजल्या. गारठ्याच्या जानेवारीत १३५२ माणसं जास्त दगावली होती. साठीपुढच्यांचे मृत्यू तर जवळजवळ पाचपट होते. त्यांत दम्याने आणि पक्षाघाताने गेलेले बरेच होते. म्हणजे थंडी माणसाला गोठवूनच मारते असं नाही. ती आधीच्या आजाराला बळ देते.

हे कसं घडतं, ते बऱ्याच उशिरा कळलं. १९८४ मध्ये प्रा. विल्यम कीटिंग आणि सहकाऱ्यांनी काही स्वयंसेवकांना सहा तास २४ अंशांच्या वाहत्या हवेत ठेवलं. २४ अंश म्हणजे आपल्याकडच्या पंख्याखालचा गारवा! तरीही त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी १२६ वरून १३८ वर गेला, रक्त दाट झालं आणि प्लेटलेट वाढल्या. गारव्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत ढकललं जातं, लघवी जास्त होते आणि उरलेलं रक्त घट्ट होतं. अशा रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढते. तरुण शरीर हे सहन करतं. पण वयामुळे कडक झालेल्या रक्तवाहिनीत अशी गुठळी म्हणजे हार्ट अटॅक किंवा लकवा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. १९९७ मध्ये युरोपातल्या अनेक भागांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. तापमान १८ अंशांखाली एकेक अंश उतरताना अथेन्समध्ये मृत्यू सुमारे २ टक्क्यांनी वाढत होते, तर दक्षिण फिनलंडमध्ये पाव टक्क्याच्या आसपास. बर्फाळ फिनलंडचे लोक घर ऊबदार ठेवतात आणि टोपी घातल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. अथेन्सकरांचा हिवाळा सौम्य, म्हणून तयारीही कमी. आपली घरं आणि सवयी कोणासारख्या आहेत, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून या हिवाळ्यात एवढं करा :

- फिरायला पहाटे नको, ऊन पडल्यावर जा. कानटोपी, स्वेटर आणि मोजे घाला.
- तहान लागली नाही तरी थोडं थोडं कोमट पाणी प्या. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्याचं प्रमाण ठरवून दिलं असेल, तर तेवढंच.
- बीपी अधूनमधून तपासा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, वाढवूही नका.
- बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका. तिच्यातल्या विषारी वायूला वास नसतो.
- फ्लूच्या लसीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा.
- छातीत दडपण आलं, धाप लागली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.

घरात ज्येष्ठ असतील, तर हे त्यांना वाचून दाखवा आणि स्वेटर त्यांच्या हाताशी ठेवा.