खानदेशची गोधडी

इतिहासावरील भाषण म्हटलें कीं किल्ले, लढाया आणि सनदा यांची अपेक्षा असते. मी आज एका गोधडीविषयीं बोलणार आहें, आणि तीही अर्धवट राहिलेल्या.

माझ्या आईच्या पश्चात् तिच्या पेटींत ही गोधडी निघाली. काठाकडून आंत आंत टाके घालीत ती मध्यापर्यंत आली होती. मध्यें दीड हाताचा चौकोन मोकळा, आणि शेवटच्या टाक्यांत सुई तशीच टोंचलेली. बरोबर चिंध्यांचें एक गाठोडें व उशीच्या जुन्या खोळींत थोडासा पिंजलेला कापूस. ही पुरी करावी कीं तशीच जपून ठेवावी, असा प्रश्न घरांत निघाला. मी जपून ठेवण्याच्या बाजूचा होतों. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास वारले, आणि पुढल्याच वर्षीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापन झालें. त्या मंडळाच्या सावलींत वाढलेल्या आम्हां मास्तरांना एक शिस्त ठाऊक असते. ती ही कीं, जुन्या कागदांत आपलें अक्षर मिसळूं नये.

निर्णय होईपर्यंत मी ती ओसरीवर उलगडून बसलों. सर्वांत खालीं आजीचें जाडेंभरडें लुगडें. त्यावर वडिलांचीं गिरणीचीं धोतरें आणि मांजरपाटाच्या बंड्या. मग कापसाचा पातळ थर. वरच्या अंगास माझ्याच शाळेच्या दिवसांतल्या टेरिकॉटच्या सदऱ्याचे तुकडे! तीस वर्षें वर्गांत जो इतिहास शिकविला, त्यांत ह्या थरांना कोठेंच जागा नव्हती.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या हातीं गेला, तेव्हां येथील पुष्कळ कापूस गांवांतल्या गांवांत जिरत असे. घरच्या बायका रेच्यावर सरकी काढीत, पिंजारी दारीं येऊन कापूस पिंजी, चरख्यावर सूत निघे आणि जवळचा साळी किंवा कोष्टी लुगडें विणी. १८६० नंतर थोड्याच वर्षांत आगगाडी भुसावळपर्यंत पोंचली. त्याच सुमारास, १८६१ पासून १८६५ पर्यंत, अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें. लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या बाजारांत भाव भडकले. भेसळ इतकी माजली कीं १८६३ सालीं मुंबई सरकारास कापसाच्या व्यवहारांतील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. युद्ध संपतांच भाव कोसळले, पण शेतांतला कापूस हटला नाहीं. वाफेचे जिन आणि प्रेस आले. बोंडांतून निघालेला कापूस थेट गाडीवर चढूं लागला. सरकी घरीं राहिली नाहीं, रुईही राहिली नाहीं.

घरांत राहिली ती कवडी. शेवटच्या वेचणीची, किडकी, डागाळलेली. तीच गोधडींत गेली. पांढऱ्या सोन्याच्या मुलुखांत पांघरुणास उरलासुरला कापूस आणि झिजलेलें कापड. याला कोणी काटकसर म्हणतात. मला तो शब्द पुरत नाहीं. जिनें कापूस वेचला तिच्या वाट्यास त्यांतला किती आला, हा हिशेब मी छापील पुस्तकांत शोधला आणि सांपडला नाहीं. तो मला ओसरीवर सांपडला.

१८७० नंतरच्या दशकांत जळगांवास खानदेश मिल उभी राहिली आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं अमळनेरास प्रताप मिल. वडिलांचें धोतर कोणत्या गिरणीचें हें सांगतां येत नाहीं, कारण छाप धुऊन गेला आहे. खानदेश मिलही आतां बंद आहे.

चिंध्या जोडून वस्त्र करणें ही गोष्ट आमच्या डोंगरांस फार जुनी. चाळीसगांवाजवळ पितळखोऱ्याचीं लेणीं आहेत, जळगांवाहून अजिंठाही दूर नाहीं. बौद्ध भिक्षूंचीं चीवरें तुकडे जोडून शिवलेलीं असत, आणि मगधांतील बांधबंदिस्त शेतांप्रमाणें त्यांची आखणी व्हावी असें बुद्धांनीं आनंदास सुचविल्याचें विनयपिटकांत आहे. आमच्या गोधडीचा वंश तेथवर नेण्याचा मोह मला होतो. पुरावा नाहीं, म्हणून आवरतों.

शेजारच्या मावशी ऐंशीच्या घरांतल्या. त्यांनीं माझा शिस्तीचा मुद्दा शांतपणें ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या आईनं ही ठेवायला शिवली, का पांघरायला?" मला उत्तर सुचलें नाहीं. काम सुरू झालें.

प्रत्येक चिंधी त्यांनीं दोन्ही हातांनीं ताणून पाहिली. जी विरली ती आंत, जी टिकली ती वर. नायलॉन बाजूस सारलें. तें निसटतें, टाका धरीत नाहीं. कापूस वीतभर कमी पडला. पिंजाऱ्याची तांत आमच्या गल्लींत वाजेनाशी होऊन पुष्कळ वर्षें झालीं, तेव्हां एका जुन्या उशींतला गोळा झालेला कापूस सूनबाईनें बोटांनींच मोकळा केला. जुन्या थरास नवा थर नुसता भिडवून चालत नाहीं. दोहोंच्या कडा विरळ करून एकमेकींवर चढवाव्या लागतात, नाहींतर तेथें फट पडते आणि थंडी नेमकी तेथूनच शिरते. टाकेही जवळ जवळ हवेत. ते लांब पडले तर एका धुण्यांत कापसाचे गोळे होतात. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं घरच्यांनीं उतरून घेतलीं, म्हणून १९५२ सालीं तीं ग्रंथरूपानें आलीं. मावशींचें हें बोलणें कोणी उतरून घेतलें नव्हतें. त्या दुपारीं मी वही आणली.

आईची सुई गंजून दोऱ्यास चिकटली होती. मावशींनीं ती हळूच सोडवून माझ्या हातीं दिली आणि आपली सुई ओंवली. आईचे टाके तांदळाएवढे, मावशींचे गव्हाएवढे. कोणाचें काम कोठें संपलें तें उघड दिसतें, आणि तें दिसावें असेंच मला वाटतें. चार दिवसांत चौकोन मिटला. उरलेल्या चिंध्या मावशी आपल्या गाठोड्यांत बांधून घेऊन गेल्या.