घरगुती फ्रीजचा वीजखर्च : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

शीतकपाट अर्थात फ्रीज हे वर्षभर, रात्रंदिवस वीजपुरवठ्याला जोडलेल्या मोजक्या घरगुती उपकरणांपैकी एक होय. त्याची किंमत ग्राहक एकदाच मोजतो. विजेचे बिल मात्र अनेक वर्षे भरत राहतो. खरेदीच्या वेळी पहिली रक्कम समोर असते, दुसरी दिसत नाही. हा अदृश्य खर्च दृश्यमान कसा झाला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

खर्चाचे स्वरूप

फ्रीजच्या वॅटला चोवीस तासांनी गुणून खर्च काढण्याची रीत सदोष आहे. आतील तापमान पुरेसे उतरले की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो. १५० वॅटचा कॉम्प्रेसर दिवसभरात एकूण आठ तास चालल्यास १.२ युनिट वीज लागते. चोवीस तासांच्या हिशेबाने ती ३.६ युनिट भरते. तो किती वेळ चालेल हे बाहेरचा उष्मा, दार उघडण्याची वारंवारता, दाराचे रबर आणि भिंतींतील उष्णतारोधक थर यांवर अवलंबून असते. सवयी ग्राहकाच्या हाती असतात. उष्णतारोधक थर आणि कॉम्प्रेसर यांचा दर्जा मात्र कारखान्यातच ठरतो.

अमेरिकेतील अनुभव

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत वीज स्वस्त होती. फ्रीजचे आकारमान वाढले, बर्फ आपोआप वितळवणारी यंत्रणा आली आणि १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात नव्या फ्रीजचा सरासरी वार्षिक वापर सुमारे १८०० युनिटांवर गेला. १९७३च्या तेलसंकटाने या उधळपट्टीकडे लक्ष वेधले. कॅलिफोर्निया राज्याने १९७४ साली ऊर्जा आयोगाचा कायदा केला व त्याच दशकात फ्रीजच्या वीजवापरावर मर्यादा घातली. भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रोझेनफेल्ड यांनी या धोरणाचा सातत्याने पुरस्कार केला. १९८७ साली संपूर्ण देशासाठी कायदा झाला. फोमचे उष्णतारोधन, सुधारित कॉम्प्रेसर व घट्ट बसणारी दारे यांमुळे २००१च्या मानकापर्यंत सरासरी वापर सुमारे ५०० युनिटांपर्यंत उतरला. या काळात फ्रीज लहान झाले नाहीत, आणि महागाई वजा जाता त्यांची किंमतही वाढली नाही.

भारत व महाराष्ट्र

भारतात १९५८ साली मुंबईच्या गोदरेज कंपनीने फ्रीजचे उत्पादन सुरू केले. दीर्घकाळ ही वस्तू सुस्थितीतील घरांपुरती मर्यादित राहिली. १९९१च्या उदारीकरणानंतर ती मध्यमवर्गात रुळली. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये २००२ साली ऊर्जा दक्षता ब्युरोची स्थापना झाली. २००६ साली तारांकित लेबलांची योजना ऐच्छिक स्वरूपात आली आणि २०१० पासून फ्रॉस्ट फ्री फ्रीजसाठी ती सक्तीची झाली. या लेबलावर वार्षिक वीजवापर युनिटांत छापलेला असल्याने किमतीशेजारी भावी खर्चही वाचता येऊ लागला. मात्र निकष वेळोवेळी कडक होत असल्याने जुन्या लेबलावरील पाच तारे आणि नव्या लेबलावरील पाच तारे समान नसतात.

महाराष्ट्रात या आकड्याला विशेष महत्त्व आहे, कारण घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो आणि १०० युनिटांपुढील वापर महाग पडतो. दरमहा ९० युनिट वापरणाऱ्या कुटुंबात रोज एक युनिट घेणारा फ्रीज आला, तर वाढलेल्या ३० युनिटांपैकी २० युनिटांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. ऐपत नाही म्हणून जुना, वीजखाऊ फ्रीज स्वस्तात घेणाऱ्या कुटुंबालाच हा भार अधिक सोसावा लागतो.

निष्कर्ष

फ्रीजचा वीजखर्च ही केवळ गृहिणीच्या काटकसरीची बाब नाही. दार वारंवार न उघडण्याने काही युनिटे वाचतात. परंतु वापर एक-तृतीयांशाखाली उतरला तो सक्तीच्या मानकांमुळे आणि त्यांनी घडवलेल्या तांत्रिक सुधारणांमुळे. लेबल वाचणाऱ्यास माहिती देते; ज्याला निवडीचीच मुभा नाही, त्याचे रक्षण किमान मानकच करू शकते.