दोन सेकंदांची शांतता

मागच्या आठवड्यात फोनवर एक यादी बनवली: बेबो वाल्देस, जुन्यापासून नव्यापर्यंत. बेबो क्युबाचा पियानोवादक, जन्म १९१८चा, लॅटिन जॅझमधलं मोठं नाव. एक रेकॉर्डिंग संपलं, दोन सेकंद काहीच नाही, मग पुढचं सुरू. पहिलं १९५२चं, पुढचं १९९४चं. तेवढ्यात बेचाळीस वर्षं गेली आणि मी भांडी घासत होतो.

लॅटिन जॅझ असो, ऑपेरा असो की साठच्या दशकातली इटालियन गाणी, नव्या अल्बमांबरोबर जुन्याचे संग्रहही सतत निघत असतात. मला ते आवडतात. पण ॲपवर अल्बमखाली दिसणारं साल पुष्कळदा संग्रह निघाला तेव्हाचं असतं, वाजवलं तेव्हाचं नाही. त्यामुळे कलाकार आयुष्यभर सलग वाजवतच होता असं वाटायला लागतं.

बेबोचं तसं नव्हतं. चाळीस-पन्नासच्या दशकांत तो हवानाच्या ट्रॉपिकाना क्लबात पियानो वाजवायचा, वाद्यवृंदासाठी संगीतरचना लिहायचा. १९५२मध्ये त्याने 'बातांगा' नावाचा ताल आणला. सांतेरिया या पंथाच्या पूजेतले बाता ढोल त्याने नाचाच्या वाद्यवृंदात बसवले. मांबोच्या लाटेपुढे बातांगा टिकला नाही. त्याच वर्षी नॉर्मन ग्रँझ या अमेरिकी निर्मात्यासाठी त्याने हवानात एक 'देस्कार्गा' रेकॉर्ड केली. देस्कार्गा म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं वाजवण्याची मैफल. पियानोचा छोटा तुकडा तबल्यामागच्या लेहऱ्यासारखा फिरत राहतो आणि त्यावर एकेक जण आपलं सांगून जातो. एकदा ऐकाच.

क्रांतीनंतर, १९६०मध्ये, बेबो देश सोडून निघाला. मागे बायको-मुलं राहिली. थोरला चुचो तेव्हा एकोणीस वर्षांचा, तोही पियानोवादक. (बाप-लेकाचा वाढदिवस एकच, ९ ऑक्टोबर.) मेक्सिको, स्पेन करत बेबो १९६३मध्ये स्टॉकहोमला पोचला, तिथल्या एका तरुणीच्या प्रेमात पडला आणि तिथेच थांबला. पुढची कित्येक वर्षं तो हॉटेलांत पियानो वाजवत होता. जेवणाऱ्यांसाठी. ट्रॉपिकानात ज्याच्या रचनांवर अख्खा वाद्यवृंद चालायचा, तो माणूस!

इकडे चुचोने १९७३मध्ये हवानात 'इराकेरे' हा बँड काढला. १९७८मध्ये इराकेरे न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवायला आला, तेव्हा बाप-लेक अठरा वर्षांनी भेटले. बापाने घर सोडलं होतं, हे मी विसरू शकत नाही. पियानो कितीही गोड वाजला तरी. चुचो तेव्हा काय बोलला असेल याचा मी खूप विचार केलाय.

इराकेरेमध्ये पाकितो द'रिवेरा हा सॅक्सोफोनवादक होता. तोही १९८०मध्ये देशाबाहेर राहिला. त्यानेच १९९४मध्ये बेबोला फोन करून जर्मनीत रेकॉर्डिंगला बोलावलं. हवाना सोडून चौतीस वर्षं झाली होती, वय शहात्तर. त्या अल्बमचं नाव 'बेबो राइड्स अगेन'. पुढे २०००मध्ये फर्नांदो त्रुएबाच्या 'काये ५४' या चित्रपटात बाप-लेक समोरासमोर दोन पियानोंवर बसले. २००३मध्ये दिएगो एल सिगाला या फ्लामेंको गायकाबरोबरचा 'लाग्रिमास नेग्रास' आला आणि पंचाऐंशीच्या घरातला बेबो जगभर पोचला. २००८चा 'हुंतोस पारा सिएम्प्रे' हा चुचोबरोबरचा अल्बम. नावाचा अर्थ 'कायम सोबत'. मला ते नाव जरा बोचतं, पण ऐकताना दोघांतलं कोण कुठे थांबतं ते कळत नाही. बेबो २०१३मध्ये स्टॉकहोममध्ये वारला, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन.

परवा यादीत एक बदल केला. १९५२ आणि १९९४च्या मधे इराकेरेचं १९७८चं मैफलीतलं रेकॉर्डिंग टाकलं. त्यात बेबो कुठेच वाजवत नाही.