देठ, छत्र आणि केंद्रक

पेशीतील गोलकाला, म्हणजे केंद्रकाला, लॅटिनमध्ये ‘गर’ असा अर्थ असलेले नाव रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये दिले खरे, परंतु हा गोलक नेमके करतो काय, हे पुढची पन्नास वर्षे नुसत्या निरीक्षणातून उलगडेना. उत्तराची वाट सुरीने मोकळी केली, आणि त्यासाठी एकपेशीय जीव सोयीचे ठरले, कारण त्यांच्यात एक पेशी म्हणजेच संपूर्ण देह असतो.

१८८५ च्या सुमारास जर्मनीतील आउगुस्ट ग्रूबर यांनी कर्ण्याच्या आकाराच्या स्टेंटर या गोड्या पाण्यातील जीवाचे तुकडे केले. त्याचे केंद्रक मण्यांच्या माळेसारखे असल्यामुळे लहानशा तुकड्याच्या वाट्यालाही एखादा मणी येतो. मणी लाभलेला तुकडा तोंडासह नवा स्टेंटर घडवी, तर मण्याविना राहिलेला तुकडा पोहत राही, जखमही भरून काढी, पण गमावलेला अवयव त्याला पुन्हा घडवता येत नसे. केंद्रकाविना घडण नाही, असा निष्कर्ष त्यातून सरळ निघत होता.

योआखिम हेमरलिंग यांनी १९३० च्या दशकात बर्लिनमध्ये केलेल्या प्रयोगांनी हा सरळपणा टिकू दिला नाही. त्यांनी निवडलेले अ‍ॅसेटाब्युलारिया हे समुद्री हिरवे शैवाल एकाच पेशीचे असूनही काही सेंटिमीटर उंच वाढते. खाली मुळांसारखे तंतू, मधे बारीक देठ, वर छत्र अशी त्याची रचना असते, आणि ‘केंद्रक’ हा मराठी शब्द मध्य सुचवत असला तरी येथे ते मध्यात नसून अगदी तळाशी, तंतूंच्या भागात असते. त्यामुळे एका छेदात ते वेगळे करता येते. मात्र असा केंद्रकहीन देठ आठवडेच्या आठवडे जगला आणि त्याला नवे छत्रही आले. ते छाटल्यावर मात्र दुसरे आले नाही. पुढे एका जातीचा देठ दुसऱ्या जातीच्या केंद्रकयुक्त तळावर जोडला असता पहिले छत्र अनेकदा दोन्ही जातींच्या मधले निघाले, आणि ते काढल्यावर आलेले छत्र केंद्रकाच्या जातीचे होते. पाठ्यपुस्तके बहुधा हा दुसरा भागच सांगतात, पण खरी मेख पहिल्या छत्रात आहे: केंद्रकातून निघालेले काही द्रव्य देठात, विशेषतः त्याच्या शेंड्याकडे, आधीच साठलेले असले पाहिजे. हेमरलिंग यांनी त्याला ‘आकारजनक द्रव्य’ म्हटले. जनुकातील माहिती प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेकडे नेणाऱ्या संदेशवाहक आरएनए या रेणूची ओळख १९६१ मध्ये पटली. हेमरलिंग यांचे आकारजनक द्रव्य म्हणजे बहुधा हाच रेणू. जिवाणूंमध्ये काही मिनिटांतच नष्ट होणारा हा रेणू अ‍ॅसेटाब्युलारियाच्या देठात मात्र आठवडेच्या आठवडे टिकून राहतो.